आधी आकार, मग शब्द
पाच वर्षांच्या ऑर्फाची शवपेटी खड्ड्यात उतरली आणि गाणाऱ्यांनी भोवती चौकोन केला. मधोमध, खड्ड्याच्या काठाशी, तिची आई केझाया गाणं चालवायला गीतांचं पुस्तक उघडून उभी होती. रीत अशी, की आधी पुस्तकात स्वरांसाठी छापलेल्या त्रिकोण-वर्तुळांच्या आकारांवरून नुसते स्वर गायचे, मग शब्द; आणि शब्द सुरू झाले की माती लोटायची. फा, सोल, ला म्हणून झालं, माणसांनी फावडी उचलली. केझायानं हात उंचावून पुन्हा फा धरला. मग तिसऱ्यांदा. खर्जाच्या रांगेतून तिचा नवरा असाहेल पुढे आला. “पुरे गं. शब्द घे, माणसं ताटकळलीत.” तिनं पान त्याच्यापुढे धरलं. त्रिकोणांवर, वर्तुळांवर ब्लॅकबेरीनं माखलेल्या इवल्या बोटाचे ठसे होते. शब्दांवर एकही नव्हता. “तिला अजून अक्षरं कुठं येतात?” केझाया म्हणाली. असाहेलनं पुस्तक मिटलं आणि शब्द आपणच सुरू केले. पहिलं ढेकूळ नेमकं समेवर पडलं.