दुसऱ्याचं दुखणं

ही २०६३ सालची गोष्ट. रुग्णाची वेदना मनगटावरच्या पट्ट्यातून नर्सच्या अंगात उतरवायची सोय तेव्हा नवीन होती. लातूरच्या एका इस्पितळात जागा एक आणि मुली दीडशे. तोंडून आवाज निघाला की बाद, अशी परीक्षा होती.

शेवटी चंद्रकला आणि शाहीन उरल्या. चंद्रकला शिकून दोन वर्षं घरीच बसली होती. आता दोघींच्या अंगात एकाच रुग्णाची गुडघेदुखी उतरवली होती. चंद्रकलेच्या गुडघ्यात आग पेटली होती आणि समोर ते रुग्ण, धोंडीबाकाका, खुशीत होते.

"पोरी, किती वर्षांनी मांडी घालून बसलोय बघ!"

एवढ्यात तिच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. कळ डाव्या हातात आणि जबड्यात गेली. ही गुडघ्याची नव्हती. शाहीन ओठ चावून गप्पच होती.

"डॉक्टर, काकांना हार्ट अटॅक येतोय!" चंद्रकला ओरडली.

"मला? मला तर काहीच होत नाही," काका हसले.

"चंद्रकला बाद," मेट्रन म्हणाल्या, आणि मग डॉक्टरांमागे धावल्या.

काका पुढे नऊ वर्षं जगले. शाहीनने ती नोकरी निवृत्तीपर्यंत केली. चंद्रकलेला चार वर्षांनी उदगीरच्या लहानशा दवाखान्यात काम लागलं. तिथे पट्टे नव्हते. "कुठं दुखतंय?" असं रुग्णालाच विचारावं लागे.