मागचं वजन

ट्रॅक्टरची मागची चाकं वीतभर वर उचलली, तेव्हा हौशीराम स्टेअरिंगला मिठी मारून पुढं झुकला होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरच्या बकेटवर बसवलेल्या नव्या कोऱ्या पंजानं बाभळीचा बुंधा घट्ट धरला होता. धरला होता, पण उचलत नव्हता. बाभूळ बांधावर जागची हलली नाही. उलट तिनंच ट्रॅक्टर उचलून धरला होता.

"खाली सोडा, दादा, खाली," भिका म्हणाला. निरगुडसर फाट्यावर एसटीडी बूथशेजारी त्याचं वेल्डिंगचं दुकान. कल्टिव्हेटरच्या जुन्या फणांचे दात लावून हा पंजा त्यानंच केला होता, आणि आपलं काम असं चारचौघांत नाक घासताना पाहून त्याचा जीव वरखाली होत होता. "पंजाचा दोष न्हाई. धरलंय कसं ते बघा. मागं वजन पायजे."

बाभूळ गेल्या पावसाळ्यात वादळानं बांधावर आडवी झाली होती. बांधाच्या अलीकडं हौशीराम, पलीकडं त्याचा धाकटा भाऊ गोरख. लाकूड आपलं आणि उचलायचं काम दुसऱ्याचं, असा दोघांचाही चोख हिशेब. त्या हिशेबापायी तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. हौशीराम गावाला सांगत होता की पंजा काट्या आणि पाचट उचलायला केलाय. पण भिकाकडं जाताना त्यानं जी सुतळी नेली, ती आधी या बाभळीच्या बुंध्याला गुंडाळून मापली होती. त्याच्या बायकोनं, साळुबाईनं, ते पाहिलं होतं. पाहून तिनं ते मनात जमा करून ठेवलं.

ट्रॅक्टरच्या मागं बसवलेल्या फळीवर खताच्या गोण्या टाकल्या. चाकं पुन्हा उचलली. धोंडे ठेवले, ते घरंगळले. शेवटी भिका स्वतःच चढून बसला.

"तू उतर रं," हौशीराम म्हणाला. "तू बसलास आन उलट हलकं झालं."

पलीकडं गोरख कांद्याच्या ढिगापाशी कांदा निवडत बसला होता. मघापासून एकच कांदा निवडत होता.

साळुबाईनं कमरेवर हात ठेवले आणि कुणाकडंही न बघता मोठ्यानं म्हणाली, "बैलगाडी मागं उलाळायला लागली, की ह्या घरात पुढं धुरेवर एकच माणूस बसवायचे. गाडी लगीच गुमान व्हायची. तसलं वजन आता कुठं मिळायचं बाई."

गोरखनं कांदा खाली ठेवला. धोतर झटकलं, बांध ओलांडला आणि भावाला बगल देऊन भिकाला विचारलं, "बसायचं कुठं?"

तो फळीवर बसला. ट्रॅक्टरचे टायर जरासे पसरले.

"भिका," हौशीराम समोर बघत म्हणाला, "वजनाला सांग, नीट धरून बस म्हणावं."

"भिका, डायवरला सांग, बुंध्याला धरू नको. मधी धर, न्हाईतर झुलंल ती."

"दोघं हाताच्या अंतरावर बसलाय राव," भिका म्हणाला. "मला कशाला मधी घेता?"

हौशीरामनं पंजा उघडला, ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि बाभूळ मधोमध धरली. या खेपेला मागची चाकं जमीन सोडेनात. फांद्या कडाकडा मोडत बाभूळ सुटली आणि हवेत आली. बांधावर नुसतं पिवळं पडलेलं गवत राहिलं.

"टाकायची कुणाकडं?" भिकानं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

दोघंही भाऊ बाभळीकडं बघत बसले.

"खळं तर अजून दोघांचं हाय ना?" साळुबाई म्हणाली. "तिथं टाका. फोडल्यावर निम्मं निम्मं. येवढ्यासाठी वरीस घातलं."

ट्रॅक्टर खळ्याकडं निघाला. ओढ्याजवळ मागून आवाज आला, "दादा, हळू घे. पुढं खड्डा हाय."

हौशीरामनं हवा होता त्याहून कितीतरी हळू घेतला. खड्डा मागं पडला तरी वेग वाढवला नाही.

"म्हस व्याली का तुझी?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"व्याली की. दिवाळीतच. रेडी झाली."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू कुठं इचारलं?"

खळं आलं. हौशीराम थांबला, लिव्हरला हात घातला, काढून घेतला.

"काय झालं?" गोरखनं विचारलं.

"पंजा उघडंना. उतरू नको, चाकं उठतील."

नुसती बाभूळ खाली टेकवली असती, तरी गोरखला खुशाल उतरता आलं असतं. ट्रॅक्टर त्यालाही चालवता येत होता, म्हणजे हे त्याला कळत होतं. पण त्यानं ते सुचवलं नाही.

"बसलोय की," तो म्हणाला. "मला कुठं जायचंय? आन रेडी कशी हाय ठावं का, थेट आपल्या जुन्या म्हशीवर गेलीया. कपाळावर तसाच चांद."

हौशीरामनं खळ्याला वळसा घालायला घेतला. बाभूळ पुढं डुलत होती, मागं गोरख एका हातानं फळी धरून दुसऱ्या हातानं कपाळावरचा चांद दाखवत होता.

भिका धावत आला. "उघडत न्हाई म्हंजी? मघाशी बांधावर उघडला व्हता. माझ्या हातचं काम हाय, उघडंना कसं?" तो ट्रॅक्टरकडं निघाला.

मागोमाग आलेल्या साळुबाईनं त्याची बाही धरली.

"उघडतोय रं तुझा पंजा, चांगला उघडतोय," ती म्हणाली. "म्हणून तर गप बस."