एका टॉवरचं लग्न

माझ्या लेकीच्या लग्नात अंतरपाट धरला अन् पुऱ्या तळणारी जनकाबाई छाती धरून कोसळली. पाहुण्यांतल्या डॉक्टरनं नाडी पाहून सांगितलं, "जीपमध्ये हलवू नका, ऑक्सिजनवाली गाडी बोलवा." फोन कुणाचाच लागंना. टॉवरच्या कामावरला भाचा म्हणाला, "मावशी, गावाला टॉवर एकच अन् सगळा मांडव लग्न लाईव्ह दाखवून राहिला." मी परात उचलली. "मोबाईल बंद करून हिच्यात टाका, लग्न डोळ्यानं बघा! जावईबापू, रुसायचं उद्या!" जावयानं टाकला, पण विचारलंच, "मामी, तुमचा?" माझ्या फोनात फौजी पोरगा होता, लडाखातून बहिणीचं लग्न बघत. "आई, ठेव फोन," तोच म्हणाला. मी ठेवला. भाच्याचा फोन लागला, गाडी आली, जनकाबाईला ऑक्सिजन लावून घेऊन गेली. मुहूर्त टळला म्हणून गुरुजी कुरकुरले. अंतरपाटाआडून लेक म्हणाली, "टळू द्या. आई, आता दादाला लाव."