एकतिसावा प्रश्न

परवान्याच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी तो बाराव्या मजल्यावरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये होता, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला. ऑफिसातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, लेखी पास, तोंडी परीक्षेत एका मार्काने नापास.

हेडमेकॅनिक जिन्यावर चहा पीत बसले होते. ऐकून म्हणाले, "एका मार्काने? अरे, तू तर दोन मजल्यांच्या मधे अडकलास." दोघेही हसले. हसू फार टिकलं नाही. परवान्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, हा दोन-अडीच वर्षं येऊ घातलेला नियम आता लागू झाला होता. दीड महिन्याने पुन्हा परीक्षा होती. तीही हुकली तर बावीस वर्षं मेकॅनिक म्हणून काम केलेला तो हेल्पर होणार होता. कालपर्यंत ज्यांना पाना धरायला शिकवलं, त्यांच्याच हाताखाली.

मार्क कुठे गेला, हे त्याला ठाऊक होतं. लिफ्ट मधेच अडकली आहे, आत माणूस आहे. दाराला हात घालण्याआधी पहिलं काम कोणतं? "आतल्या माणसाला हाक मारायची, धीर द्यायचा," असं तो म्हणाला आणि कशाची तरी वाट बघत थांबला. परीक्षकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

उत्तर पोराटोरांनाही येण्यासारखं होतं. पहिलं काम, मेन स्विच बंद. कामावर त्याचा हात आपोआप तिकडे जाई. तोंड मात्र ऐकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी उजळणी पुन्हा सुरू झाली. तो हातपाय धुऊन टेबलाशी बसला आणि बायकोने पहिला प्रश्न विचारला. तिचे प्रश्न चाळीस. क्रम ठरलेला. त्याने उत्तर दिलं की ती म्हणे, "हं, पुढचा." सतराव्या प्रश्नाला तिला खोकला येई. तो पाण्याच्या तांब्याकडे बघे आणि खोकला थांबेपर्यंत गप्प बसे.

एकतिसाव्या प्रश्नाला तो रोज चुके.

"आतल्या माणसाला धीर द्यायचा."

"चुकलात ना? माहीत होतं मला. आधी मेन स्विच. तो आतला कुठे पळून जातोय? तुम्ही येईपर्यंत तिथेच आहे." आणि ती हसे. आधी नाकातून, मग मोकळं. दिवसभर जिने चढून आंबलेलं त्याचं अंग तेवढ्यापुरतं सैल पडे.

रविवारी लेक आली. सोबत नवा प्रश्नसंच आणला होता. मी उजळणी घेते, निदान क्रम तरी बदलेल, असं तिने दोनदा सुचवलं. तो म्हणाला, "तुझ्या आईचं चाललंय ते ठीक आहे."

लेकीने कप विसळला. ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "बाबा, ते एक उत्तर तुम्ही चुकीचंच पाठ केलंय. मुद्दाम."

त्याने पुस्तकाचं पान उलटलं. चपला घालताना ती एवढंच म्हणाली, "परीक्षक म्हणजे आई नव्हे."

ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. परीक्षेला आठ दिवस राहिले, त्या संध्याकाळी तो ठरवूनच टेबलाशी बसला. तीस प्रश्न सुरळीत गेले. एकतिसावा आला. त्याने तळहात टेबलावर दाबून धरले आणि सावकाश, एकेक शब्द म्हटला.

"मेन स्विच बंद करायचा."

"चुकलात ना?" बायको म्हणाली. "माहीत होतं मला. आधी मेन स्विच. तो आतला कुठे पळून जातोय?" आणि ती हसली. आधी नाकातून, मग मोकळं.

त्याने बोटाने रेकॉर्डिंग थांबवलं. टेबलावरच्या फोनवर तारीख दिसत होती, दोन वर्षांपूर्वीची, ती गेली त्याच्या दहा दिवस आधीची. त्याने फोन एकतिसाव्या प्रश्नावर मागे आणला. तिने पुन्हा विचारलं. बरोबर उत्तर त्याला माहीत होतं. ते आठ दिवसांनी परीक्षकांना द्यायचं होतं. तो म्हणाला, "आतल्या माणसाला धीर द्यायचा."