पलीकडचा पत्ता

“पत्ता?” बँकेतल्या मॅडमनी बायकोकडे बघून विचारलं आणि उत्तर टक्केरावांनी दिलं. घर, गल्ली, गाव, पिन कोड, सगळं एका दमात. बायकोच्या वतीने बोलायची त्यांना इतकी सवय होती की ती शेजारी बसली आहे हेही ते अधूनमधून विसरत.

टक्केराव हे नाव त्यांना वीज कार्यालयातल्या मंडळींनी ठेवलं होतं. कोणती बँक किती व्याज देते, कुठली कशाचे पैसे कापते, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि कोणी विचारो न विचारो, ते सांगत. त्यांचं घर आणि ऑफिस नदीच्या अलीकडे. पलीकडे दुसरं राज्य, आणि तिथल्या इस्पितळात बायको एक्स-रे काढायची. श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा, एवढंच बोलायचा पगार मिळतो आमच्या हिला, हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. पगाराचा चेक जोडखात्यात जायचा. खातं दोघांचं आणि कार्ड एकट्या टक्केरावांचं. बायकोला बसच्या पाससाठीसुद्धा त्यांच्यापुढे हात पसरावा लागायचा. एकदा तिने स्वतःसाठी कार्ड मागितलं होतं. तुला इथे काय कमी आहे, असं टक्केरावांनी विचारलं, मग त्यांच्या आईने विचारलं. उत्तरासाठी कोणी थांबलं नाही.

आता इस्पितळाने चेक बंद केले होते. पगार यापुढे दोनच बँकांतून होणार, एक अलीकडची आणि एक पलीकडची. कुठलीही निवडा आणि महिनाअखेर खातं काढा, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. टक्केरावांनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला. अलीकडची. ऑफिसला लागून आहे, जोडखातं निघतं आणि गाडीचा हप्ता परस्पर कापला जातो. गाडी अजून यायची होती, पण रंग ठरला होता. बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, एकदा पलीकडचीही बघू या. टक्केराव मिशीतल्या मिशीत हसले. पलीकडच्या बँकेला पलीकडचाच पत्ता लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपलंच खरं आहे हे तिला चारचौघांत कळावं म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

एरवी ते तिला स्कूटरवरून फक्त पुलापर्यंत सोडत. पुढे नाही, उगाच पेट्रोल जाळायचं कशाला. पण ‘मी रोज सोडतो हिला’ हे नातेवाइकांना अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, खांद्यावर बसवून नेतात. गेला महिनाभर त्यांची एक तक्रारही होती. हिची पिशवी जड झाली होती. डब्यात दगड नेतेस का, असं ते रोज विचारत आणि ती रोज पिशवी सावरून मागे बसे. आज आयुष्यात पहिल्यांदा ते पूल ओलांडून आले होते. पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.

“हा पत्ता आम्हाला चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. या शाखेत खातं हवं तर इथला पत्ता लागेल, नाहीतर तुमच्या बाजूची बँक आहेच, असं त्यांनी सौजन्याने समजावलं.

टक्केरावांचं समाधान चेहऱ्यावर मावेना. त्यांनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या आणि ते अर्धे उठलेसुद्धा.

“इथला पत्ता आहे,” बायको म्हणाली. इस्पितळामागची गल्ली, औषधाच्या दुकानावरची खोली. तिने भाडेकरार पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

टक्केराव खाली बसले. क्षणभर ते चाटच पडले, आणि मग त्यांचा ऊर भरून आला. काय डोकं चालवलं होतं बायकोने! पलीकडची बँक व्याज अर्धा टक्का जास्त देत होती, तेवढ्यासाठी पठ्ठीने खोटा पत्ता पैदा केला. माझ्या हाताखाली तयार झाली आहे, उगाच नाही, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांत बायकोचं त्यांना प्रथमच मनापासून कौतुक वाटत होतं. तिच्या कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, “कोणाचा पत्ता दिलास?”

“माझा.”

विनोद बरा होता. टक्केराव मोठ्याने हसले आणि मांडीवरची पिशवी कलंडली. आतून डबा निघाला नाही. उशीचे दोन अभ्रे होते, शेजारीपाजारी तिने कधी कोणाला न दिलेली तिची माहेरची वाटी होती आणि पलंगाशेजारचं गजराचं घड्याळ होतं. आज सकाळी गजर का वाजला नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. बाकी काही आलं नाही. घड्याळ त्यांनी पुन्हा पिशवीत नीट ठेवलं आणि ते कामाचं बोलले.

“मॅडम, जोडीला माझं नाव घाला. पहिलं माझं, मग हिचं.”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बायकोला विचारलं, “हेसुद्धा याच पत्त्यावर राहतात का?”

“नाही,” बायको म्हणाली आणि तिने टक्केरावांच्या मांडीवरून आपली पिशवी उचलली. “हे मला सोडायला आलेत.”