आधीच उचललेले आकडे

तिने बनवलेल्या गणिताच्या ऑनलाइन चाचणीत उत्तराच्या सूत्राची अक्षरं जुळवली जात नसत. प्रश्न उघडला की प्रोग्राम x साठी कुठलेही तीन आकडे सोडतीसारखे उचलायचा. ते घालून खऱ्या उत्तराच्या आणि लिहिलेल्या उत्तराच्या सूत्राची किंमत सारखी आली, की उत्तर बरोबर.

चाचणी आजमावायला तिने बाबांनाच बसवलं. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, पण हल्ली विसरायला लागलेले.

"आठवा प्रश्नही बरोबर!" आतल्या खोलीतून आवाज आला. "बघ, म्हातारा अजून कामाचा आहे!"

तिने कौतुकाने आपल्या स्क्रीनवर चाचणीची नोंद उघडली. खरं उत्तर होतं x³, बाबांनी लिहिलं होतं 7x − 6. साफ चूक. पण उचललेले आकडे होते 1, 2 आणि −3. नेमक्या याच तीन ठिकाणी दोन्ही सूत्रं जुळतात.

योगायोग असेल, म्हणून तिने मागचे प्रश्न पाहिले. आठही उत्तरं चुकलेली, आठही बरोबर ठरलेली. बाबा काय लिहिणार हे जणू आधीच कुणाला तरी ठाऊक होतं.

"बाबा, पुरे आता. उठा बघू."

"शेवटचा एकच गं. उघडलासुद्धा."

नोंदीत नववी ओळ उमटली. प्रश्न उघडलेला, तरी आकड्यांच्या तिन्ही जागा कोऱ्या होत्या, जणू जुळवायला पुढे उत्तरच येणार नव्हतं.

आतून कीबोर्डची टकटक येईल म्हणून ती कान देऊन उभी राहिली.