विजेच्या तीन बिड्या

“माणसाला आग सापडली त्याला लाखो वर्षं झाली, पण धुराला लगाम बसला तो आज, केडगावात!” पोपटरावांनी जाहीर केलं. लगोलग त्यांना असा ठसका लागला, की नाकावरचा चष्मा समोर दुरुस्तीला उघडलेल्या पाण्याच्या मोटारीच्या पोटात पडला.

ऐकायला दुकानात एकटा गोकुळ होता. त्यानं चष्मा काढून पुसून दिला.

“काका, आबा विचारत्यात, कवा येताय?”

“टेस्टिंग चाललंय.”

“मागल्या महिन्यात बी टेस्टिंगच चाललं व्हतं.”

गोकुळचे आबा म्हणजे खुटबावचे रखमाजी. ते आणि पोपटराव शाळेपासूनचे दोस्त. पन्नास वर्षं दोघांनी एका काडीवर दोन बिड्या पेटवल्या होत्या. आता रखमाजींची फुफ्फुसं पार निकामी झाली होती. दौंडच्या डॉक्टरनं बिडी बंद केली, खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं आणि घरी नेऊन सांभाळा म्हणाला. डॉक्टर असं म्हणाला की काय समजायचं, ते सगळ्यांना समजतं. पोपटरावांनी मात्र गोकुळच्या हाती निरोप धाडला होता, “बिनधुराची सोय करतो, मगच येतो.”

त्याला दोन महिने झाले.

भाच्यानं पुण्याहून विजेच्या तीन बिड्या, म्हणजे ई-सिगारेटी, पैदा करून दिल्या होत्या. त्यांना सरकारची बंदी, म्हणून पोपटराव त्या कपॅसिटरच्या खोक्यात दडवून ठेवत. जळक्या मोटारीत नवी तार भरून देण्याच्या धंद्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. भरलेली मोटार तासभर चालवून बघितल्याशिवाय दाराबाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम. बिड्यांनाही तोच नियम लागला. पोपटराव दिवसभर तिन्ही आळीपाळीनं ओढत, मीटर लावत, आकडे लिहीत. मधूनमधून घशाला विसावा म्हणून साधी बिडी पेटवत.

“ही पहिली बघ,” ते गोकुळला म्हणाले. “बॅटरीचं व्होल्टेज सरळ आतल्या तारेला, तार तापली की रसाची वाफ. बॅटरी भरलेली असली तर घशाला चटका, उतरली की नुसती कोमट वाफ. आपल्या शेतीच्या लायनीसारखी बेभरवशाची. दुसरी वॉटवर चालती. तार कुठली का बसवंना, ही व्होल्टेज कमीजास्त करून ठरल्याली ताकद देणार म्हंजी देणार. पर आतला रस संपला तरी देतच ऱ्हाती. रस शोषणारा कापूसच जाळती येडी.”

“आन् तिसरी?”

“तिसरी शहाणी! तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. त्यावरनं ही ताप वळखती आन् करंट तोडती. कुठं थांबायचं ते हिला कळतं.”

“मग ठरलं की तिसरी. चला.”

“अजून आठ दिवस चालवून बघतो.”

गोकुळ चाळिशीचा, सहसा उलटून न बोलणारा. पण आज बोलला. “काका, जळकी मोटार बी तुम्ही दोन महिने ठेवत न्हाई. आबांना आता चार शब्द बोलायला धाप लागती. आज यायचं असलं तर या, न्हाई तर मी परत यायचा न्हाई.”

पोपटरावांनी मीटर बंद केलं.

गोकुळच्या गाडीवर मागं बसून, खोकं मांडीवर धरून ते निघाले. वाटेत त्यांना मोटारी आठवेनात, आकडे आठवेनात. आठवत होते ते अकरा दिवस. वीस वर्षांपूर्वी, रखमाजींच्या समृद्धीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी लेकीला शब्द दिला होता, बिडी सोडली. अकरा दिवस खरंच सोडली. बाराव्या दिवशी पोपटराव विहिरीवर मोटार बसवायला गेले. एकट्यानं ओढायला त्यांना करमेना. त्यांनी एक जास्तीची पेटवली आणि दोस्ताच्या बोटांत अडकवली. “एकीनं काय व्हतंय?” असं म्हणाले होते. म्हणताना हसलेही होते.

घरात शिरल्यावर रखमाजींची बायको धुरपदा म्हणाली, “आलात व्हय भावजी? आमाला वाटलं वाट इसरला.”

रखमाजी उशांना टेकून बसले होते. निम्मे उरले होते. पोपटरावांनी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळून खोकं उघडलं आणि सुरुवात केली. व्होल्टेज सांगितलं, वॉट सांगितले, तापमानापाशी आले. तेवढ्यात त्यांची नजर खाटेशेजारी घरघरणाऱ्या मशीनवर गेली. ऑक्सिजनच्या नळीजवळ तापलेली तार न्यायची नसते, भडका उडतो, हे चाळीस वर्षांच्या मेस्त्रीला आत्ता सुचलं. दोन महिन्यांच्या टेस्टिंगमध्ये ते राहून गेलं होतं. त्यांनी खोकं गुपचूप मिटलं.

रखमाजी थांबून, दम घेत बोलले. “कुनासाठी आनलंस हे?”

“तुझ्यासाठी. बिडीबिगर तुझा जीव तळमळत आसंल म्हनून...”

“बिडी व्हय? ती सुटली की.” रखमाजींनी पुन्हा दम घेतला. “दहा-अकरा दिवसच काय तो तरास. मागल्या येळंला बी सुटली व्हती.”

धुरपदानं उगाच चादरीचं टोक सारखं केलं. पोपटरावांनी खोकं जमिनीवर ठेवलं. मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“रखमा, त्या दिवशी मी...”

“ते ऱ्हाऊ दे,” रखमाजी म्हणाले आणि कष्टानं एका अंगावर वळले. “जरा पाठ खाजीव. गोकुळला जागा घावत न्हाई.”